सलाइनने न जाणारा अशक्तपणा

दर रविवारी सकाळी वंदना झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात मी बीपीचं मशीन घेऊन बसते. एक टेबल, एक वही, दोन खुर्च्या. कुणाचा बीपी, कुणाची शुगर, कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणाला रिपोर्ट वाचून हवा, असं दोन तास चालतं. गेल्या पावसाळ्यात एक मावशी समोर बसल्या. बीपीसाठी हात पुढे केला तर मनगटाजवळ चिकटपट्टी.

"काय झालं होतं, मावशी?"

"काही नाही गं सिस्टर, काल सलाइन लावलं. अशक्तपणा आलाय. ह्या महिन्यातलं तिसरं."

(मावशींना विचारूनच हे लिहिते आहे. त्या ओळखू येऊ नयेत म्हणून घरातल्या दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.)

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मोठा मुलगा सफाईच्या कामावर होता. ठेकेदार बदलला आणि त्याचं काम गेलं. तेव्हापासून तो संध्याकाळी पिऊन येतो. लेकीचं लग्न मोडलं, ती दोन वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. मावशींचा बीपी ठीक होता, शुगर ठीक होती. महिन्यापूर्वी पालिकेच्या दवाखान्यात तपासलेलं हिमोग्लोबिन १२ च्या वर होतं. तरी हातपाय गळून जातात, डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं वाटतं, छातीत धडधडतं, रात्री दोनला जाग येते ती नळाला पाणी येईपर्यंत डोळा लागत नाही.

सलाइनच्या बाटलीत काय असतं ते मी त्यांना सांगितलं. साध्या सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी असतं आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम एक चमचा. ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. जुलाब-उलट्यांनी ज्याच्या अंगातलं पाणी गेलंय, ज्याला तोंडाने काही घेता येत नाही, ज्याचं ऑपरेशन आहे, त्याचा सलाइनने जीव वाचतो. पण खाता-पिता येणाऱ्या माणसाला त्यातून ग्लासभर सरबतापेक्षा जास्त ताकद मिळत नाही. आणि त्याचे एका वेळचे तीनशे रुपये.

"मग मला बरं का वाटतं?" मावशींनी विचारलं. थोडा वेळ थांबल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "तास-दीड तास पडून राहता येतं गं. कुणी हाक मारत नाही. दवाखान्यातली पोरगी मधूनमधून येते, कपाळाला हात लावते, विचारते, मावशी, बरं वाटतंय का. घरी पडले तर सगळे एवढंच विचारतात, चहा ठेवला का."

वीस वर्षं मी माणसांना सलाइन लावलं, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मावशींना जे लागत होतं ते बाटलीत नव्हतंच. तासभर विसावा आणि कुणीतरी केलेली विचारपूस, एवढंच ते होतं. त्यासाठी त्या महिन्याला नऊशे रुपये मोजत होत्या. हे आपण एकमेकांना वस्तीत कसं देऊ शकतो, आणि जिथे तेवढ्याने भागत नाही तिथे कुठे जायचं, हे आजच्या पानावर सांगते.

मनाचा त्रास अंगातून का बोलतो

आपल्याकडे कुणी "मला उदास वाटतं" असं म्हणत नाही. "टेन्शन आहे" म्हणतात, नाहीतर सरळ अंगाचं बोलतात. डोकं दुखतं, पाठीत भरतं, मुंग्या येतात, पोटात गोळा येतो, अन्नावर वासना नाही. हे ढोंग नसतं. धोका दिसला की आपलं शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. रक्तात काही द्रव्यं सोडली जातात, हृदय जोरात चालतं, स्नायू ताठ होतात, पचन मंदावतं, झोप उडते. अंगावर कुत्रा धावून आला तर ही तयारी कामाची असते. कुत्रा गेला की शरीर पुन्हा शांत होतं.

पण ठेका कधी संपेल, खोली कधी तुटेल, मुलगा आज किती पिऊन येईल, ही धाकधूक रोजची असते. ती जात नाही, म्हणून शरीरही शांत होत नाही. त्यात आपल्या वाट्याला आणखी एक गोष्ट असते. नव्या ठिकाणी कामाला गेल्यावर कुणीतरी आडनाव विचारतं. भाड्याने खोली बघायला गेल्यावर मालकीण आधी हसते आणि आडनाव ऐकून गप्प होते. कॉलेजात मुलाला कुणीतरी सगळ्यांसमोर मार्क विचारतं. त्या क्षणी छातीत जे होतं तो आजार नव्हे. अपमानाला शरीराने दिलेलं ते उत्तर आहे, आणि त्यावरचा खरा इलाज अन्याय संपण्यात आहे. पण रोजचा अपमान आणि रोजची काळजी आत साठत गेली, तर त्यातून आजारही होऊ शकतो. म्हणून लढा चालू ठेवायचा आणि लढणाऱ्याची काळजीही घ्यायची. ही दोन्ही कामं आपलीच आहेत.

एक इशारा मात्र आधी देते. प्रत्येक धडधड "टेन्शनची" म्हणून सोडून देऊ नका. सतत थकवा असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड आणि बीपी तपासून घ्या. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, त्याला लोहाच्या गोळ्या लागतात. थायरॉइड कमी काम करत असेल तरी माणूस उदास आणि सुस्त होतो. छातीत आवळल्यासारखं दुखून घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, दम लागला, तर त्याच मिनिटाला १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. हे सगळं तपासून ठीक निघालं आणि तरी त्रास राहिला, तर मनाकडे बघायचं.

"आपण लढणारी माणसं"

हे लिहिताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. माझी आई गेली तेव्हा मी रात्रपाळी करत होते. पाचव्या दिवशी जलदान विधी झाला, सातव्या दिवशी मी ड्युटीवर हजर. सगळे म्हणाले, सिस्टर किती खंबीर आहे. दीड महिना मी खंबीर राहिले. दिवसा झोप येत नव्हती, रात्री वॉर्डात इंजेक्शन भरताना हात थरथरायचा. घरी मुलाने पाणी सांडलं म्हणून त्याला मी मारलं, आणि मग मोरीत बसून रडले. एकदा वॉर्डात चुकीच्या पेशंटच्या कॉटजवळ औषध घेऊन उभी राहिले. देण्याआधी लक्षात आलं म्हणून बरं.

शेवटी सोबतच्या एका सिस्टरने हात धरून मनोविकार विभागाच्या ओपीडीत नेलं. उदासीनतेचा आजार म्हणजे डिप्रेशन, असं निदान झालं. नऊ महिने गोळ्या घेतल्या. सुरुवातीचे कित्येक दिवस ती पाकिटं मी तूरडाळीच्या डब्यात लपवून ठेवली होती. लोकांना "मानसिक आजार लपवू नका" सांगणारी मी स्वतःच लपवत होते.

का लपवलं, ह्याचा पुढे खूप विचार केला. एक कारण सगळ्यांना माहीत आहे. "वेडी" म्हणतील, मुलांच्या लग्नात अडचण येईल. पण दुसरं कारण आपल्या घरांतलं खास आहे. लहानपणापासून ऐकलं, आपण बाबासाहेबांची लेकरं, आपण रडायचं नाही, आपण लढणारी माणसं. हा अभिमान खरा आहे, त्यानेच आपण उभे राहिलो. पण थकलो असं म्हणणं म्हणजे चळवळीशी बेइमानी, असं कुठेतरी मनात बसून जातं.

मग मला बाबासाहेबांच्याच आयुष्यातली गोष्ट आठवली. १९२६ साली त्यांचा लहानगा राजरत्न गेला. त्याआधी तीन लेकरं त्यांनी आणि रमाईने गमावली होती. त्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिलं. आम्ही दोघं ह्या धक्क्यातून सावरलेलो नाही, हे त्यांनी त्यात लपवलं नाही. आपलं दुःख त्यांनी मित्राला मोकळेपणाने सांगितलं. आणि त्यानंतर सात महिन्यांनी, मार्च १९२७ मध्ये, ते महाडला चवदार तळ्याच्या पाण्यात उतरले. दुःख सांगणारा माणूस आणि तळ्यावर जाणारा माणूस एकच होता. सांगितल्याने त्यांच्यातला लढवय्या कमी झाला नाही. मग आपल्याला सांगायला लाज कसली?

स्वतःसाठी रोज एवढं

"स्वतःची काळजी घ्या" असं म्हणणं सोपं आहे. टीव्हीवरच्या बायकांसारखा वेळ आणि जागा आपल्याकडे नसते. म्हणून एका खोलीच्या घरात आणि पहाटेच्या पाण्याच्या वेळेत बसेल तेवढंच सांगते.

झोप. पाणी पहाटे चारला येत असेल तर रात्री साडेबारापर्यंत सिरियल आणि मोबाइल परवडत नाही. पाणी भरायची पाळी घरात लावून घ्या, एक दिवस मुलगा, एक दिवस सून, एक दिवस बाबा. ते काम एकट्या बाईचं नाही. संध्याकाळी सहानंतर चहा टाळा. रात्री झोप मोडली तर घड्याळ बघू नका, मोबाइल हातात घेऊ नका. रात्रीच्या शांततेत अडचणी आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसतात. काळजीची गोष्ट कागदावर लिहा किंवा मनात म्हणा, हे सकाळी बघू.

जेवण. आपल्या घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, उरलंसुरलं खाते. मग दुपारी तीनला चक्कर येते आणि त्याला "अशक्तपणा" म्हणतो. कामावर निघण्याआधी भाकरीचा तुकडा, मूठभर शेंगदाणे-गूळ, डाळ, अंडं, जे असेल ते पोटात पडलं पाहिजे. मिश्री आणि तंबाखूने घटकाभर बरं वाटतं खरं, पण तंबाखूने हृदयाचे ठोके वाढतात, झोप बिघडते, आणि तलफ आली की अस्वस्थपणा आणखी वाढतो.

चालणं. मन जड असताना अंग हलवायची इच्छा नसते, पण रोज वीस-पंचवीस मिनिटं झपझप चालल्याने उदासपणा हलका होतो. कामावर जाणाऱ्यांनी एक स्टॉप आधी उतरावं. घरी असणाऱ्यांनी शेजारणीला घेऊन निघावं. दोघी असल्या की चुकवलं जात नाही.

श्वास. आनापान आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. पाच मिनिटं बसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं बघायचं. श्वास सोडताना थोडा लांब सोडला की धडधड कमी होते. बसायला जागा नसेल तर पाण्याच्या रांगेत उभं राहूनही जमतं. पण डोळे मिटल्यावर एखाद्याला उलट जास्त घाबरं होतं. तसं झालं तर जबरदस्ती करू नका, डोळे उघडा, चाला. आणि महत्त्वाचं म्हणजे, घरातल्या कुणाला मोठा मानसिक आजार असेल तर "दहा दिवसांच्या शिबिराला पाठवू, सगळं ठीक होईल" असं परस्पर ठरवू नका. आधी त्याच्या डॉक्टरांना विचारा, शिबिराच्या अर्जात आजाराची आणि औषधांची माहिती खरी लिहा, आणि औषध आपल्या मनाने बंद करू नका.

एक गोष्ट स्वतःची. दिवसातली दहा मिनिटं, ज्यात तुम्ही कुणाची आई, सून किंवा कमावता मुलगा नसता. कुणी भीमगीतं ऐकेल, कुणी गोधडी शिवेल, कुणी दारातल्या डब्यात तुळशीऐवजी मिरचीचं रोप लावेल. ही चैन नाही. थकलेल्या मनाला दहा मिनिटांचा विसावा लागतोच.

वस्तीने काय करायचं

आता मी मावशींच्या दीड तासाकडे परत येते. विसावा आणि विचारपूस एकट्याने होत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. किसा गोतमीची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. मेलेल्या बाळासाठी औषध मागणाऱ्या तिला तथागतांनी सांगितलं, ज्या घरात कधीच कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आण. मरण कुणालाच चुकत नाही, हा त्या कथेचा बोध आपण सांगतो. पण नर्स म्हणून मला त्यात आणखी काही दिसतं. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात कुणीतरी थांबून तिला आपलंही दुःख सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत ती एकटी राहिली नव्हती.

आमच्या विहारात महिला मंडळाने गेल्या वर्षापासून एक प्रथा सुरू केली आहे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वंदनेनंतर एक तास, फक्त ऐकायचं. ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नुसतं बसायचं तो बसतो. चार नियम आहेत. मोबाइल पिशवीत ठेवायचा. कुणी बोलत असताना "हे काहीच नाही, माझं ऐक" म्हणायचं नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि इथलं बोलणं नळावर न्यायचं नाही. चौथा नियम सगळ्यात अवघड. एकदा जरी मोडला तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. त्याला अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका वाटला तर.

ऐकणं हे शिकावं लागतं. आपण प्रेमाने जे बोलतो तेच कधीकधी तोंड बंद करतं. "हिंमत धर", "इतका विचार कशाला करतेस", "तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले". त्याऐवजी "कधीपासून असं होतंय?", "रात्री झोप लागते का?", "मी काय करू शकते?" असे साधे प्रश्न विचारा. उत्तर नाही आलं तरी शेजारी बसून राहा.

प्रत्येक वस्तीला करता येतील अशी आणखी काही कामं आहेत.

कुणाच्या घरी मयत झाली की जलदान विधी आणि पुण्यानुमोदनापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. नंतर एकदम रिकामं होतं, आणि खरं दुःख तिथून सुरू होतं. म्हणून पुढचा महिनाभर पाळी लावून त्या घरी जा. आज एकीने डबा न्यायचा, उद्या दुसरीने नुसता चहा प्यायला जायचं.

बाळंतीण घरी आली की सगळे बाळाला बघायला जातात. आईला विचारा, तुला रडू येतं का, झोप मिळते का. पहिले काही दिवस रडू येणं अनेकींना होतं आणि आपोआप जातं. दोन आठवडे उलटले तरी गेलं नाही, किंवा बाळाबद्दल भीतीदायक विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे.

स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. निकालाच्या दिवशी पास झालेल्याचा सत्कार करतो तसं नापास झालेल्याच्या घरीही जा. एका नोकरीवर अख्ख्या घराची आशा टेकलेली असते, आणि तो पोरगा ते ओझं एकटाच वाहत असतो.

पुरुषांबद्दलही बोललं पाहिजे. बाई निदान नळावर बोलते. पुरुषाला बोलायला गुत्त्याशिवाय जागा नसते. पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो, तरी पिणाऱ्याला शिव्या घालून ते पाळलं जात नाही. पिण्याच्या मागे अनेकदा झोप नसते, काम नसतं, अपमान असतो. आणि लक्षात ठेवा, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणं, झटके, भ्रम असं होऊ शकतं, त्यात जीवही जातो. म्हणून दारू सोडवायची असेल तर सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. कोंडून ठेवून किंवा चहात पावडर घालून नको.

आणि "बाहेरचं लागलंय" म्हणून अजूनही काही घरं गुपचूप भगताकडे जातात. त्यांना हिणवू नका. घाबरलेलं माणूस कुठेही धावतं. त्याच्यासोबत दवाखान्यात जायला तयार असा एक शेजारी मिळाला, तर भगताची पायरी सुटते.

दोन आठवड्यांचा नियम

मायेने आणि ऐकण्याने पुष्कळ होतं, पण सगळं होत नाही. मोडलेलं हाड जसं नुसत्या प्रेमाने जुळत नाही, तसंच काही मानसिक आजारांचं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याचं सर्वेक्षण केलं. त्यात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. आपली गल्ली डोळ्यांसमोर आणा आणि दहा-दहा माणसं मोजून बघा.

कधी जायचं? सोपा नियम लक्षात ठेवा. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, आणि सोबत झोप-भूक बिघडली असेल, कामात लक्ष लागत नसेल, "मी कुचकामी आहे" असं वाटत असेल, तर थांबू नका. दुसऱ्यांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, सगळे माझ्याविरुद्ध कट करतात असा पक्का समज, दिवसेंदिवस न झोपता प्रचंड उत्साह, ह्यात दोन आठवडेही थांबायचं नाही.

कुठे जायचं? आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा पालिकेचा दवाखाना, तिथून चिठ्ठी मिळते. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभाग असतो. मोठ्या आजारासाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जाता येत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून तो सुरू आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

तुमचे हक्कही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार प्रत्येकाला सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी हे उपचार मोफत आहेत, आणि त्यासाठी हातात कार्ड नसलं तरी हक्क जात नाही. खिडकीवर "कार्ड कुठे" म्हणून परत पाठवलं तर हे शांतपणे सांगा, सोबत मंडळातली एक-दोन माणसं घेऊन जा.

औषधांबद्दल तीन गोष्टी. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका. बरं वाटलं तरी पुढे काही महिने घ्याव्या लागतात, बंद करताना डॉक्टर हळूहळू कमी करतात. ह्या गोळ्यांची नशा लागत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळीची मात्र सवय लागते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

"जीव नकोसा झाला" असं कुणी म्हणालं तर

ते हसण्यावारी नेऊ नका, "अशुभ बोलू नकोस" म्हणून गप्पही करू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेक माणसांना कुणीतरी विचारलं ह्याचाच आधार वाटतो. "हो" म्हटलं तर त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातली विषारी औषधं आणि गोळ्यांचा साठा दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. १४४१६ ला फोन करा, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. काही करून बसलं असेल तर लगेच १०८. पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला भरायचा नसतो, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

मावशींचं पुढे

मावशींचे प्रश्न सुटलेले नाहीत. मुलाला अजून काम नाही, पण तो गेल्या महिन्यात एकदा जिल्हा रुग्णालयात गेला, पुन्हा बोलावलंय. मावशींना मनोविकार विभागात दाखवलं, एक गोळी चालू आहे. पहाटे पाणी आता लेक भरते. आणि रविवारी वंदना झाल्यावर महिला मंडळाची सतरंजी गुंडाळायच्या आधी मावशी तिच्यावर तासभर आडव्या होतात. कुणी हाक मारत नाही. आमच्यातली एक जण शेजारी बसून भाजी निवडते आणि मधूनच विचारते, "बरं वाटतंय का, मावशी?"

मध्यंतरी एकदा त्या पुन्हा सलाइन लावून आल्या. मी रागावले नाही. त्या आठवड्यात आम्ही कुणीच त्यांच्या घरी गेलो नव्हतो.

ह्या रविवारी तुमच्या विहारात आजूबाजूला बघा. बऱ्याच दिवसांत न दिसलेलं एक माणूस आठवेल. त्याच्या घरी जा, पंधरा मिनिटं बसा, विचारा आणि ऐका. येताना १४४१६ हा नंबर त्याच्या दाराच्या आत खडूने लिहून या.

जयभीम.